जामबागची जायफळी चक्की

मी चक्की बोलतेय. पिठाची नव्हे हो, कॉफीची. पिठाच्या चक्कीशी माझी तुलना केलेली मला खपत नाही. मला राग पटकन येतो आणि हेवा त्याहून पटकन वाटतो, हे आधीच सांगून ठेवते. मागाहून म्हणू नका की चक्की मनानं बरी वाटली होती.

माझा जन्म कोइमतूरचा. ओतीव लोखंडाचं अंग, त्यावर हिरवा रंग, डोक्यावर बिया ओतायचं पितळी नरसाळं आणि पोटात दातेरी लोखंडी चकत्यांची जोडी. एका बाजूला मोटरचा पट्टा, दुसऱ्या बाजूला मोठं चाक. वीज गेली की पट्टा काढायचा, चाकाला मूठ लावायची आणि हातानं फिरवायचं.

मला हैदराबादेत आणलं हणमंतरावांनी. त्यांच्या घराण्यात सगळे वकील, मास्तर नाहीतर सरकारी नोकर. हणमंतरावांनी मात्र तहसिलातली चांगली नोकरी सोडली आणि जामबागेत कॉफीपुडीचं दुकान टाकलं. नातेवाइकांनी नाकं मुरडली. "हणमंता आता चक्की फिरवणार म्हणे," असं माझ्यासमोरच बोलायचे. बोलायचे आणि जाताना पावशेर पूड फुकट घेऊन जायचे.

पण माझं खरं नाव झालं ते त्यांच्या बायकोमुळे, पद्मावतीबाईंमुळे. पद्माबाई म्हणायचे सगळे. या गावातले तेलुगू लोक कॉफी पितात ती फिल्टरची. आपल्या मराठी घरात मात्र दूध, साखर आणि वरून जायफळ, हे असलंच पाहिजे. सणावाराला, श्रीखंड-पुरीनंतर, पाहुणा आला की जायफळाची कॉफी. पद्माबाईंनी एक युक्ती काढली. मराठी घराची पूड दळताना त्या माझ्या नरसाळ्यात अर्धं जायफळ टाकायच्या. असं करता करता त्याचं तेल माझ्या चकत्यांत इतकं मुरलं, की जायफळ टाकलं नाही तरी वास यायचाच.

सुलतान बाजारातून, काचीगुड्यातून बायका यायच्या आणि म्हणायच्या, "पद्माबाई, तुमच्या चक्कीची पूड द्या." ऐकलंत ना? चक्कीची पूड. मी आपली अंग फुगवून घरघरायची.

बी कुठली, हे तेव्हा कुणी विचारत नव्हतं, आणि विचारून कळलंही नसतं. त्या काळी मळेवाल्यांनी आपली सगळी कॉफी सरकारी बोर्डाकडे द्यायची असा कायदा होता. बोर्ड प्रतवारी लावायचं, सगळ्यांचा माल एकत्र करायचं आणि लिलावात विकायचं. कुणाची बी कुणाच्या पोत्यात आली, ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. पिकवणाऱ्याचं नाव कुठंच नाही, म्हणून चवीचं सगळं श्रेय माझं. मला तो कायदा फार आवडायचा.

हणमंतराव गेले. त्यांचा मुलगा सुधीर सचिवालयात नोकरीला, त्याला दुकानाची आवड शून्य. पद्माबाई एकट्या गल्ल्यावर बसायच्या. मग घरात सून आली, केतकी. ही राजेंद्रनगरला शेतीचं शिकलेली. पहिल्याच आठवड्यात दुकानात येऊन तिनं माझ्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "काय मजबूत चीज आहे." मी पाघळले. पुढं ही माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटणार आहे, हे मला काय ठाऊक?

नव्वद साल उलटलं आणि दिल्लीनं एकेक दार उघडायला सुरुवात केली. जामबागेत घरोघरी केबलच्या तारा आल्या, नवे साबण आले, नव्या बाटल्या आल्या. कॉफीवरचं बंधनही हळूहळू सैल झालं. आधी थोडी, मग निम्मी, मग सगळी, अशी ज्याची कॉफी त्यानं विकायची मुभा मिळाली. केतकी पेपर वाचून खूश झाली. मी मात्र त्या दिवशी पूड मुद्दाम जाड दळली.

आणि एका सकाळी तो उगवला. अप्पाराव. विशाखापट्टणमकडच्या डोंगरातला मळेवाला, खांद्यावर पोतं, पायात रबरी चपला. मळा कसला, उतारावरची थोडी जमीन. तशीच शेजारच्या घरांची. डोंगराखालचा व्यापारी चांगल्या-वाईट सगळ्या बियांना एकच भाव देतो, म्हणून तो शहरात दुकानं पालथी घालत होता.

केतकी त्याच्याशी तेलुगूत बोलली. पोत्यात हात घातला, बिया हुंगल्या, एक चावून पाहिली.

"हिरवी फळंही तोडता का?" तिनं विचारलं.

"सगळी एकदम ओरबाडतो, अम्मा. भाव एकच, तर चार फेऱ्या कशाला मारू?"

"आणि मातीवर वाळवता."

"मग कुठं वाळवणार?"

त्यानं तेव्हाच सांगून टाकलं की एक लाकूड ठेकेदार मागं लागलाय. कॉफीवर सावली धरणारी मोठी झाडं त्याला हवी आहेत. झाडं तोडली की कॉफी दोन-चार वर्षांत मरेल, पण रोख पैसा तर आजच हातात येईल. डोंगरावरची सगळी घरं त्याच विचारात होती.

केतकी म्हणाली, "एक वर्ष थांबा. झाडं तोडू नका, उलट त्यांच्यावर मिरीचे वेल चढवा, तेवढीच जोडकमाई. फक्त लाल फळ तोडा, चटयांवर वाळवा. तुमच्या डोंगराची कॉफी मी वेगळी ठेवून वेगळ्या भावानं विकून दाखवते."

पद्माबाईंनी गल्ल्यावरून मान वळवली. "काय बोलायलीस ग केतकी? आपलं दुकान आहे का धर्मशाळा?"

"आई, माल चांगला झाला तर आपलाही फायदाच आहे."

"आपल्या मालाला आजवर कुणी नाव ठेवलं नाही."

शाबास, असं मी मनातल्या मनात म्हटलं. सासूला सून डोळ्यांत खुपत होती आणि मला तो डोंगर. आमची दोघींची छान जोडी जमली.

वर्षभरानं अप्पारावनं नवा माल आणला. बिया एकसारख्या, स्वच्छ, निळसर हिरव्या. मी उत्सुकतेनं नरसाळं वासून बसले. तर केतकीनं खोक्यातून एक छोटं, पांढरं, विजेवर चालणारं यंत्र काढलं आणि माझ्याच शेजारी गल्ल्यावर मांडलं.

"हे काय आणायलीस आता?" पद्माबाईंनी विचारलं.

"अप्पारावांच्या मालासाठी. आपल्या चक्कीत दळला तर जायफळाचा वास लागेल."

वास लागेल म्हणे. सगळं मराठी हैदराबाद ज्या वासासाठी माझ्या दारात यायचं, तो वास आता लागणार होता. अंगाचा नुसता तिळपापड झाला. आणि ती मेली पांढरी सटवी! आवाज चिलटाचा, पोट वाटीएवढं, अंगावर प्लास्टिकचं झाकण. तिला केतकी रोज मऊ कपड्यानं पुसायची. मला पुसायला पोत्याचा तुकडा. सवत म्हणजे काय हे मला तेव्हा कळलं. पद्माबाईही तिच्याकडं बघायच्या नाहीत. धूळ झटकताना तिला मुद्दाम जरा जोरात सरकवायच्या. मला बरं वाटायचं.

दुकानात गिऱ्हाईक बदलायला लागलं होतं. नवी मुलं यायची आणि विचारायची, "ये कॉफी कहाँ की है?" केतकी डोंगराचं नाव सांगायची, सावलीतली झाडं, लाल फळं, मिरीचे वेल, सगळं रंगवून सांगायची. कुणी दळली, हे कुणी विचारायचं नाही. पण दुकानात खपून खपून किती खपणार? डोंगरावरच्या सगळ्या घरांचा माल उचलायला मोठा खरेदीदार हवा होता. घरं आता आणखी थांबायला तयार नव्हती. ठेकेदार कुऱ्हाडी घेऊन पायथ्याशी येऊन बसला होता.

शेवटी केतकीनं बंगलोरच्या एका निर्यातदाराला गळ घातली. त्यांचे चव पाहणारे हिम्मतराव कामानिमित्त हैदराबादला येणार होते. म्हणाले, दुपारच्या गाडीआधी दुकानात डोकावतो. एक कप पाजा. पसंत पडली तर डोंगराचा सगळा माल वेगळ्या भावानं घेऊ, नाही तर नाही. अप्पाराव रात्रभर बसमध्ये बसून आला. येतानाच सांगितलं, "अम्मा, आज नाही जमलं तर मी लोकांना आणखी थोपवू शकत नाही. झाडं जातील."

हिम्मतराव आले. पिकल्या मिशा, मराठी माणूस, बोलण्यात थोडं कानडी वळण. केतकीनं आदल्या दिवशी भाजून ठेवलेल्या बिया पांढरीच्या पोटात घातल्या, बटण दाबलं आणि वीज गेली.

मला जे सुख झालं ते काय सांगू.

केतकीनं बटण पुन्हा दोनदा दाबून पाहिलं. "वीज कधी येईल सांगता येत नाही. खलबत्त्यात कुटू का?"

"त्यात काल लसूण कुटलाय," पद्माबाई म्हणाल्या. "चक्की आहे की. हातानं फिरवू."

"पण आई, जायफळ..."

"तांदूळ घालून काढते आधी. निघेल वास. तू पाणी ठेव."

केतकी आत गेली. पद्माबाईंनी पट्टा काढला, मूठ लावली, दोन मुठी तांदूळ माझ्यातून दळून काढले. वास बराचसा गेला होता, हे मी कबूल करते. मग त्यांनी अप्पारावच्या बिया नरसाळ्यात ओतल्या आणि चाक फिरवता फिरवता हिम्मतरावांशी बोलायला लागल्या. तुमचं मूळ गाव कुठलं, बंगलोरला कधीपासून, मुलं काय करतात. बोलता बोलता डावा हात बरणीत गेला आणि अर्धं जायफळ माझ्यात पडलं.

सवयीनं पडलं, की सुनेवरच्या रागानं? बरीच वर्षं मी छातीठोकपणे म्हणायचे की रागानं. आता वाटतं, मराठी पाहुणा पहिल्यांदा दारात आलाय, त्याला बिनजायफळाची कॉफी द्यायची हे त्या हाताला माहीतच नव्हतं. मी मात्र ते जायफळ कडकडून चावलं. वर त्यांनी आत जाऊन सवयीनं दूध-साखरही घातली. केतकी पाठ फिरवून चांगलं गाळणं शोधत होती, तोवर जुन्याच गाळण्यातून पेले भरून बाहेर गेले.

हिम्मतरावांनी घोट घेतला आणि डोळे मिटले. "वा, आई करायची तशी झालीय." मग पेला खाली ठेवला. "पण केतकीताई, यावरून मी डोंगराचं काय सांगू? यात कॉफी कुठं आहे ते मला सापडत नाही. माफ करा, मला निघायला हवं."

केतकीनं पेल्याचा वास घेतला, सासूकडं पाहिलं आणि खाली बसली. सासूनं नजर चुकवली.

अप्पारावला मराठी कळत नव्हती, पण चेहरे कळत होते. त्याच्याही हातात पेला दिला होता. पाहुणा उठला तरी आपल्याला दिलेलं टाकू नये, म्हणून त्यानं तो संपवला आणि पद्माबाईंना म्हणाला, "फार छान आहे, पेद्दम्मा. ही कुठली कॉफी?"

पद्माबाई तेलुगूत म्हणाल्या, "अरे, तुझीच आहे."

"माझी? माझ्या कॉफीला असा वास असतो?"

"नाही. तो माझ्या जायफळाचा."

"मग माझ्या कॉफीला कसला असतो?"

"म्हणजे? तू कधी प्यायला नाहीस?"

"आम्ही कुठली पितो? बी वाळली की पोत्यात भरतो. वर दळायला काही नाही, वीजही नाही. आम्ही चहाच पितो." तो हसला आणि पोत्याचं तोंड बांधायला लागला. "ठीक आहे. वर जाऊन सांगतो सगळ्यांना."

पद्माबाई उठल्या. इतकी वर्षं त्यांना पाहिलं, पण असा चेहरा पाहिला नव्हता. दारात जाऊन त्यांनी हिम्मतरावांची वाट अडवली. "चूक माझी आहे. तुम्ही बसा. माझ्या दारातून पाहुणा असा अर्धवट जात नाही."

"बाई, गाडी..."

"काचीगुडा स्टेशन इथून किती लांब आहे, मला सांगायलात? बसा."

ते बसले. पद्माबाईंनी कपाटातून एक पुडकं काढलं. हणमंतरावांनी माझ्यासाठी आणून ठेवलेल्या जादा चकत्यांची जोडी. जुन्या झिजल्या तरी पद्माबाईंनी कधी बदलल्या नव्हत्या, बदलल्या तर चव जाईल म्हणून. आता त्यांनी पान्यानं माझं पोट उघडलं आणि जुन्या चकत्या बाहेर काढल्या. काळ्याभोर, तेलकट, जायफळानं घमघमणाऱ्या. माझी सगळी कमाई त्यात होती. त्यांनी त्या फरशीवर ठेवल्या आणि वळूनही पाहिलं नाही. केतकीनं नव्या चकत्या गरम पाण्यानं धुतल्या, कोरड्या केल्या. नरसाळं चिंचेनं घासलं. मग सासूनं मूठ धरली आणि सुनेनं बिया ओतल्या.

मी दळलं. दुसरं काय करणार? चकत्या कोऱ्या होत्या, आत माझं म्हणून काही उरलं नव्हतं. जे आलं ते जसंच्या तसं खाली गेलं.

दूध नाही, साखर नाही. हिम्मतरावांनी चमच्यानं सुर्रकन घोट घेतला, पुन्हा घेतला. मग चमचा अप्पारावपुढं केला. अप्पारावनं तोंड वाकडं केलं. "कडू आहे. आणि आंबट."

"आंबटपणा छान आहे. लिंबाच्या सालीसारखा. तो जाऊ देऊ नका," हिम्मतराव म्हणाले आणि केतकीनं ते तेलुगूत सांगितलं. "पण मागं थोडं तुरट लागतं. काही फळं कच्ची तोडली आहेत."

अप्पारावनं दुसरा घोट जपून घेतला आणि जीभ टाळ्याला लावून बसला. "हां," तो म्हणाला, "हे माझ्या मेव्हण्याच्या बाजूचं. त्याला घाई असते."

हिम्मतराव हसले. गाडी चुकली त्यांची, पण माल ठरला. सगळ्या डोंगराचा, वेगळ्या भावानं. ठेकेदार पायथ्यावरून हात हलवत परत गेला.

दुकानात त्या दिवशी सगळे खुशीत होते, मी सोडून. चव डोंगराची, कौतुक अप्पारावचं, शहाणी केतकी. माझ्या जुन्या चकत्या भंगारात गेल्या. मराठी बायकांना पद्माबाई आता पुडीबरोबर वेगळं जायफळ देऊ लागल्या, घरी किसून घाला म्हणून. वर त्या स्वतः अप्पारावच्या आग्रहानं सुनेबरोबर डोंगरावर जाऊन आल्या. आल्या त्या पार बदलून. गिऱ्हाइकाला हातानं उंची दाखवून सांगायच्या, झाडं अशी असतात, फळं अशी लगडतात, सावलीत कसं गार वाटतं. सासू-सुना एकमेकींच्या तोंडातला शब्द घेऊन बोलायच्या. माझ्या बाजूची ती एकच बाई होती, तीही त्या डोंगरानं नेली. मी जळून जळून काळी व्हायची बाकी होते.

डोंगराचा माल वाढला तशी एक अडचण आली. कुणाचा माल चांगला, कुणाचा कच्चा, हे इथं हैदराबादेत दळल्यावर कळायचं, तोवर हंगाम संपलेला. अप्पाराव म्हणाला, "आम्हाला आमची चव वरच कळायला हवी." केतकीनं सासूकडं पाहिलं. "वर वीज नाही. हातानं चालणारं यंत्र हवं."

दोघींनी एकदमच माझ्याकडं पाहिलं.

पद्माबाई नाही म्हणतील, असं मला वाटलं होतं. खरंच वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "देऊन टाकू. इथलं सगळं आता विजेच्या यंत्रावर दळतं, ती नुसती बसून आहे." मग मला कुंकू लावलं, चाकात तेल घातलं आणि स्वतःच्या जुन्या सुती लुगड्यात गुंडाळलं, वर पोतं शिवलं. माझ्या जागेवर ती पांढरी सरकली. जळो मेली.

तर मी आता गौलीगुड्याच्या बस अड्ड्यावर आहे. अप्पाराव शेजारी बसून मिरचीभजी खातोय आणि दर दोन मिनिटांनी माझ्यावर हात ठेवून पाहतोय, मी आहे ना म्हणून. विशाखापट्टणमची बस लागलीय. लोक मला टपावर चढवायला निघाले होते. तो म्हणाला, नको, ही माझ्याजवळ आत बसेल, हवं तर तिचं तिकीट काढतो.

जामबागकरांनो, येते मी. माझ्या मागं त्या पांढरीचं फार कौतुक करू नका, एवढं माझ्यासाठी करा. आणि तुमच्यापैकी कुणी तो डोंगर पाहिला असेल, तर बस सुटायच्या आत मला एक सांगा. अप्पारावला विचारायची मला लाज वाटते. आयुष्यभर मी कॉफी दळली, पण कॉफीचं झाड कधी पाहिलं नाही. केवढं असतं हो ते?